मोगाचं रक्त

६ जानेवारी, मंगळवार

बीपी १५०/९०. डॉक्टरांनी रोज सकाळी मोजून लिहायला सांगितलं आहे. यंत्र सुनेने, जॉयसीने आणलं. ही डायरीही तिच्याच शाळेत मिळाली. बीपीला एक ओळ पुरते. बाकीचं पान कोरं सोडलं की मला उगीच काही तरी राहिल्यासारखं वाटतं, म्हणून लिहितो. माझं शिक्षण सहावीपर्यंत. चुका असतील.

आज तीन राजांचा सण. आमच्या देवबागात चॅपलपासून चर्चपर्यंत तीन मुलं राजे होऊन निघतात. गेली दोन वर्षं पुढचा राजा आमच्या मोगावर बसतो. मोगा ही आमची उंटीण. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायला घेतलेली. यंदाही आणा म्हणून फादरांचा निरोप आला. मला न्यायची नव्हती. पण फादरांना नाही म्हणायची माझी छाती नाही.

व्हायचं तेच झालं. खुरसाजवळ, म्हणजे वाटेवरच्या क्रुसाजवळ, पोचलो आणि ती खाली बसली. पुढचे पाय मुडपले, मग मागचे, आणि मान वाळूवर टाकली. वर बसलेला राजा रडायला लागला. चार माणसांनी ढकललं तरी उठेना. शेजारचा बाबली सगळ्यांच्या देखत म्हणाला, "एडू, तुझ्या उंटाक बेथलेहेम लांब पडला रे!" सगळे हसले. मीही तोंड हसल्यासारखं केलं.

शेवटी राजे चालत गेले. ती बऱ्याच वेळाने आपण होऊन उठली. तिला घेऊन चर्चच्या दाराशी उभा होतो. आत नाताळचा गोठा अजून मांडलेला. एका मुलीने विचारलं, "ग्रँडपा, गोठ्यातल्या उंटाक दोन कुबडां आसत. मग मेल्रॉय अंकलच्या उंटाक एकच कित्या?"

नाव असं एकदम आलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "देवान एकच दिला."

मेल्रॉय माझा मुलगा. सप्टेंबरात गेला. लेप्टो झाला, किडन्या बंद पडल्या. त्याच्या आईच्या, बर्थाच्याही किडन्याच गेल्या होत्या. त्यापुढे लिहिण्यासारखं काही नाही.

८ जानेवारी

१४८/९०. मोगाने कोंडा अर्धा ठेवला. माकडहाडाच्या दोन्ही बाजूंची हाडं वर आली आहेत. कुबडसुद्धा एका अंगाला कललं आहे.

मला उंट नकोच होता. आमच्या घराण्यात सगळे दर्यावर गेले. मी स्वतः ट्रॉलरवर इंजिन सांभाळलं. मुलगा मात्र तारकर्लीला जाऊन एका राजस्थानी माणसाकडून ही घेऊन आला. त्या दिवशी मी जेवलो नव्हतो. शेजारीपाजारी काय म्हणतील, ही काळजी. आता मोगा माझ्याच अंगावर पडली आहे. तिच्याबद्दल मला काहीच ठाऊक नाही. तोच सगळं करायचा.

तिला घाणेरड्या सवयी आहेत. बाबलीची होडी वर ओढून ठेवलेली असते, तिच्या फळ्या चाटत राहते. वाळत घातलेली जाळी तोंडात धरते. मी माडाची आळी खणून आलो की माझी मान चाटते. जीभ कानशीसारखी. मी तिला ढकलतो.

जॉयसी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते. बाहेर येत नाही. सप्टेंबरपासून ती उंटाच्या जवळ गेलेली मी पाहिली नाही. मीही तिला काही सांगत नाही. आमच्या घरात आता जेवण, शाळा, लाईट गेली, लाईट आली, एवढंच बोलतात.

१२ जानेवारी

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या. डॉ. अक्षया. तरुण आहेत. वडिलांची कसालकडे काजूची बाग. माझ्याशी मालवणीच बोलतात, त्यामुळे भीती कमी वाटते.

त्यांनी मोगाभोवती दोन फेऱ्या मारल्या. म्हणाल्या, "काकानू, खरा सांगतंय. गायीबैलांचा माका समाजता. उंट मी पुस्तकातच बघलंय."

"मगे कसा करूचा?"

"रक्त काढूया. माशी चावान एक रोग होता उंटांका, रक्तात किडो होता. तो आसा काय बघूचो लागात. ओरोसच्या सरकारी लॅबीत पाठवतंय."

मानेतून रक्त काढलं. मी मान धरली होती. तिने काही केलं नाही, समोर बघत राहिली. रक्त माणसासारखंच लाल. मला का कोण जाणे वेगळं असेल असं वाटलं होतं.

"इतकी हडकली ती पावसाळ्यात टिकाची नाय," बाई म्हणाल्या. "त्याच्या आदी अंगार मास येवक व्हया."

मी एक नळी माझ्याकडे मागितली. ओरोसचा निकाल कधी येईल ते सांगता येईना. उद्या मालवणला माझं रक्त द्यायचं आहे, तिचंही तिथेच देतो म्हटलं. बाई म्हणाल्या, "ती माणसांची लॅब. तेंच्या आकड्यांवर काय ठरवू नकात. माका विचारा." मी मान हलवली.

१३ जानेवारी

लॅबमधल्या मुलीने आधी माझं रक्त घेतलं. मग मी खिशातून नळी काढून टेबलावर ठेवली.

"हे कोणाचं?"

"आमच्या मोगाचं."

"पूर्ण नाव सांगा."

"मोगा." ती बघतच राहिली म्हणून पुढे माझं नाव जोडलं. तिने लिहिलं, मोगा एडवर्ड. वय विचारलं. नऊ म्हटलं. मुलगी का? हो म्हटलं. उपाशीपोटी होती का?

तेव्हा मी सांगितलं की उंट आहे. आतून दुसरा माणूस आला. दोघं थोडा वेळ हसले, पण चांगली माणसं. मशीनमध्ये घालून बघतो म्हणाला, पण छापून येईल ते माणसाचंच येईल. मी म्हटलं चालेल. लोकांसमोर अजून उभं राहवेना.

१४ जानेवारी

दोन्ही कागद घेऊन आलो. एस्टीत उघडले नाहीत. घरी पडवीत बसून उघडले.

माझं सगळं ठीक. मोगाच्या कागदावर क्रिएटिनिन १.९ आणि पुढे ठळक काळा बाण, वर जाणारा. क्रिएटिनिन काय असतं ते मला कुणी सांगायला नको. बर्थाच्या वेळी मी तो आकडा पाठ केला होता. मुलाच्या वेळी दिवसातून तीनदा सांगायचे.

म्हणजे हिच्याही किडन्या.

मी कागद घडी करून ठेवला आणि माडांना पाणी लावलं. मला काही झालं नाही. असं व्हायचंच होतं असं वाटलं, इतकंच. मुलाच्या मातीच्या वेळीसुद्धा मी मंडपाच्या खुर्च्या परत गेल्या का ते बघत होतो. लोक बोलले असतील.

एक मात्र बरं निघालं. सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, माझं १३८ आणि तिचंही १३८. दोन्हीपुढे बाण नाही. तिचं रक्त आणि माझं रक्त तेवढ्यापुरतं सारखं. हे जॉयसीला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

१५ जानेवारी

१५६/९४. आज पुष्कळ कामं केली.

बर्थाला डॉक्टर म्हणाले होते, मीठ म्हणजे विष समजा. तेव्हापासून आमच्या घरात मिठाशिवायच शिजतं. मला सवय झाली. मुलगा आणि जॉयसी ताटात वरून घ्यायचे. जॉयसी अजूनही शाळेच्या पिशवीत एक लहान बाटली ठेवते आणि जेवताना काढते. मी बघत नाही असं दाखवतो. सप्टेंबरपासून मला जेवण फारच सपक लागतं. वय झालं की जीभ जाते म्हणतात.

तर मोगाच्या खोपीत खड्यांच्या मिठाचं अर्धं पोतं होतं. मुलाने आणून ठेवलेलं. मासे सुकवायला आणलं असणार. जनावराच्या एवढं जवळ ते असणं बरं नव्हे. बाबलीला देऊन टाकलं. तो म्हणाला, "काय रे, आज पावलंस काय माका?" मी म्हटलं, "ने, आमका नको."

विहिरीचं पाणी आमच्याकडे थोडं मचूळ. ते बंद केलं. नळाचं गोडं पाणी बादल्यांनी नेतो. कंबर दुखते. संध्याकाळी तिला खाडीकडे सोडत होतो, तेही बंद. तिथे तिवराचा पाला ओरबाडून खाते. मी एक पान चावून बघितलं, खारट. होडीपासून लांब, मागच्या फणसाला बांधली.

जे बर्थाला आणि मुलाला केलं नाही ते निदान हिला वेळेवर करावं. बाईंना विचारायला हवं होतं. पण त्या रागावतील, लॅबचं ऐकू नका म्हणाल्या होत्या.

२४ जानेवारी

ओरोसहून बाईंना फोन आला, त्यांनी मला केला. रक्तात किडा नाही. त्या गावोगाव लसीच्या कामावर आहेत, सवडीने येतील. जंताचं औषध सांगितलं. "बाकी कसा आसा?" विचारलं. मी म्हटलं, "आसा तसा."

किडन्यांचं बोललो नाही.

१ फेब्रुवारी

मोगाच्या मानेवर आणि खांद्यावर चामडी फाटून जखमा झाल्यात. माश्या बसतात. खोबरेल लावतो. पाय अधूनमधून थरथरतात. कोंडा हुंगते आणि तोंड फिरवते. एवढं गोडं पाणी देऊनही.

माझ्या बहिणीचा मुलगा ॲरोन लष्करात आहे, सध्या लडाखला. मागे त्याने फोटो पाठवला होता, वाळूत बर्फ आणि दोन कुबडांचे केसाळ उंट. अगदी नाताळच्या गोठ्यातल्यासारखे. मला आठवण झाली. मोगाच्या कागदाचा फोटो बाबलीच्या मुलीकडून, सलोनीकडून, त्याला पाठवला. तिथल्या जनावरांच्या डॉक्टरला विचार म्हटलं.

आज त्याचा आवाज सलोनीच्या मोबाईलवर आला. सलोनीने दोनदा लावून दाखवला. "मामा, हयच्या डॉक्टराक दाखवलंय. हयच्या उंटांचा क्रिएटिनिन पण दोनच्या आसपास असता. उंटांका तां चालता म्हणता. किडनी बरी आसा. पण सोडियम हयच्यांचा दीडशेच्या वर जाता. तुझ्याचा कमी आसा. हय तर तेंच्या पुढ्यात मिठाचे ढेकळेच टाकतत, चाटीत बसतत."

सलोनी म्हणाली, "आजोबा, म्हणजे मोगाक मीठ व्हया."

पोर आहे. मी तिला समजावलं की ते उंट वेगळे. त्यांना दोन कुबडं. बर्फात राहतात. दोन कुबडं म्हटल्यावर साठवण दुप्पट, मीठही दुप्पट लागणार. आमची एका कुबडाची, वाळवंटातली. त्यांचं माप तिला लावून कसं चालेल? हे मी पुष्कळ विचार करून काढलं होतं. सलोनी मोबाईल घेऊन घरी गेली.

तरी दिवसभर मनात राहिलं. तो म्हणाला, किडनी बरी. ते खरं मानलं तर मीठ कमी हेही खरं मानावं लागेल. म्हणून दोन्ही मानलं नाही.

९ फेब्रुवारी

१६०/९६. आज वाईट झालं.

दुपारी मोगा दावं तोडून गेली. मी किनाऱ्यावर शोधली, खाडीवर शोधली. सापडली बाबलीच्या मांगरामागे, त्याच्या सामानाच्या खोपीमागे. तो पिंपात बांगडे मिठात घालतो. पिंपाचं झाकण बाजूला पडलेलं आणि तिचं तोंड आत. वर तरंगणारं खारं पाणी पीत होती. डोळे मिटून.

मी मान धरून ओढली. ती हलेना. पिंपाची कड ओठांनी धरून राहिली. मी काठीने मारलं. तोंडावर मारलं. आयुष्यात जनावराला मारलं नव्हतं. ती ओरडली नाही, पुन्हा पिंपाकडेच मान नेली. मग मी अजून मारलं.

बाबली धावत आला. "अरे मेल्या, मारतंस कित्याक? दोन बांगड्यांचा काय माका!"

"मीठ खातासा ती!"

"खावंदेत मगे. माझे बायलेपेक्षा कमीच खातली."

मी ओरडलो, "किडनी गेली तिची! तुका काय समाजता?" माझा खाऱ्या पाण्याचे शिंतोडे पडलेला शर्ट आणि हातातली काठी बघून तो दोन पावलं मागे सरला.

घरी आणली. जॉयसी मागच्या दारात उभी होती. तिने सगळं बघितलं होतं. म्हणाली, "पप्पा, खावक दी होतास तिका." तिचा आवाज अगदी बारीक आला. मी म्हटलं, "तुझ्या घोवाच्या किडनीत काय झाला तां बघलंस ना?" ती आत गेली. ताटं वाढलेली होती, पण जेवायला बाहेर आली नाही.

मी जेवलो. काय जेवलो ते लक्षात नाही.

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

फादरांनी कपाळावर राख लावली. माती आहेस, मातीला मिळशील. मी दरवर्षी ऐकतो. यंदा ऐकताना मला फणसाखालची मोगा दिसत होती, आणखी काही नाही.

परवापासून ती उठलेली नाही. मान वाळूवर टाकून पडली आहे. कुबड रिकाम्या पिशवीसारखं एका बाजूला लोंबतं. मी पाणी तोंडाशी धरतो, ती ओठ बुडवते आणि तसेच ठेवते.

बाबली आला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "एडू, राग मानू नको. एवढा जनावर हातान पुराचा जमाचा नाय. जेसीबी लागतलो. तो आयत्या वेळी गावणा नाय. मी सांगान ठेवू काय?"

मी म्हटलं, "सांग."

तो गेल्यावर जागा बघून आलो. सुरूच्या झाडांच्या अलीकडे. भरतीचं पाणी तिथे येत नाही. मग घरी येऊन चहा घेतला. मोगा गेली की मुलाचं असं काही फिरतं, श्वास घेतं, उरणार नाही. हे मी नुसतं लिहितोय.

१९ फेब्रुवारी

सकाळी डॉ. अक्षया आल्या. बाबलीने माझ्या नकळत त्यांना फोन केला होता.

त्यांनी मोगाचा डोळा उघडून बघितला, जखमा बघितल्या, पायांचं थरथरणं बघितलं. सलाईन लावली, ती फणसाच्या फांदीला टांगली. मग माझ्याकडे वळल्या. "काकानू, हिका किडनीचो आजार आसा असा कोण म्हणालो? बाबलीकाका सांगत होते."

मी लॅबचा कागद आणून दिला. आता लपवून काय करायचं होतं. त्यांनी वाचला आणि डोळे मिटून घेतले. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांच्या मोबाईलमध्ये एक तक्ता होता. कोणी तरी अभ्यास करून एका कुबडाच्या आणि दोन कुबडांच्या उंटांच्या रक्ताचे आकडे शेजारी शेजारी मांडलेले. वाळूत माझ्या शेजारी बसल्या आणि बोट ठेवून दाखवायला लागल्या.

"ह्या बाजूक आपल्या मोगासारखे. ह्या बाजूक लडाखासारखे. हिमोग्लोबिन बघा, सारख्या नाय. तांबड्या पेशींत पण वायच फरक. आता क्रिएटिनिन बघा. दोघांचाय माणसापेक्षा जास्त. हिचा १.९, म्हणजे ठीक आसा. उंट पाणी राखून ठेवतत, तेंचा तसाच असता. मशीनीक काय म्हायत उंट आसा म्हणान? तेणा माणूस समजान बाण काढल्यान."

"आणि सोडियम?"

"तांच सांगतंय. एक कुबड, दोन कुबडां, दोघांचाय दीडशेच्या आजूबाजूक. हिचा १३८."

"माझापण १३८," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणाले बरा आसा."

"तुमी उंट काय, काकानू?" त्या हसल्या. मग माझ्याकडे बघून हसू आवरलं. "तुमका तां बरा. हिका तां कमी. आणि ह्यो महिन्याभरापूर्वीचो आकडो. आता किती आसात कोण जाणे. उंटाक गायीपेक्षा कितीतरी जास्त मीठ लागता. नाय मिळाला तर भूक जाता, अशी चामडी फुटता, पाय असे थरथरतत. ती खय मीठ शोधीत फिरली नाय?"

होडी. जाळी. माझी मान. तिवराचा पाला. पिंप. बाबली खाली बघत होता.

"आदी ही बरी होती ना? तुमचो झील काय घालायचो तिका?"

मला माहीत नव्हतं. दोन वर्षं तो माझ्या पडवीसमोरून बादली घेऊन जायचा आणि बादलीत काय आहे ते मी विचारलं नव्हतं.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. जॉयसी भाकरी थापत होती. दारात उभा राहिलो.

"मेल्रॉय तिका काय घालायचो?"

तिचे हात थांबले. सप्टेंबरपासून या घरात माझ्या तोंडून ते नाव निघालं नव्हतं. तवा तापून धूर यायला लागला.

"मीठ," ती म्हणाली. "रोज सकाळी हातार मूठभर मीठ. आदी तां, मगे कोंडो. आणि सांजेक खाडयेर. तिवर खावक."

"तू सांगलंस नाय."

"तुमी विचारलास नाय." मग तवा उतरवून म्हणाली, "तेचा नाव घेतला की तुमी उठान जायात, पप्पा. मी घाबरलंय."

मी तसा उठून जातो का? जात असेन.

तिने पिठाचे हात पुसले, पिशवीतून ती लहान बाटली काढली आणि माझ्या पुढून बाहेर गेली. थेट फणसाखाली. तळहातावर मीठ ओतलं आणि मोगाच्या तोंडाशी धरलं. बराच वेळ काही झालं नाही. मग ती जीभ बाहेर आली. बाई म्हणाल्या, "वायच वायच. एकदम नको. वांगडा पाणी पण दिया." जॉयसी ओतत राहिली, बाटली रिकामी होईपर्यंत. मी जवळ उभा होतो. मला जीभ हातावर घासल्याचा आवाज ऐकू येत होता.

२१ फेब्रुवारी

१५२/९०. बाबली शिरोड्याला जाऊन खड्यांच्या मिठाचं नवं पोतं घेऊन आला. आमच्या पोत्यातलं मीठ त्याने माशांत घातलं, उरलेल्याला वास.

"माका लाज वाटता रे एडू. तिचा मीठ माझ्या बांगड्यांनी खाल्ल्यानी."

मी म्हटलं, "मीच दिलंय तुका."

"तरी पण. जेसीबीवाल्याक सांगलंय, थांब म्हणान. तो म्हणता, ॲडव्हान्स घेतलेलो नाय, मगे थांबाचा कसला?"

बाईंनी किती मीठ, किती पाणी ते सांगितलं आहे. सकाळी जॉयसी घालते, दुपारी मी. त्या स्पष्ट म्हणाल्या, उशीर झालेला आहे, उठेलच असं नाही. एका जागी पडून पायांतली ताकद जाते. मी आणि बाबली तिला कुशीवर वळवतो, गोणपाट खाली सारतो.

मारल्याचा वळ तिच्या गालावर अजून आहे. तिथे केस आलेले नाहीत.

२६ फेब्रुवारी

आज कोंडा सगळा खाल्ला. विहिरीचं मचूळ पाणी एका दमात प्यायली. मागचा भाग उचलला, थरथरली, पुन्हा बसली. बाबली म्हणाला, "स्टार्टर मारल्यान, इंजिन घेवक नाय." इंजिनाचं मला कळतं. स्टार्टर मारतं ते इंजिन मेलेलं नसतं.

जॉयसीला सांगितलं. ती म्हणाली, "मेल्रॉयन आणल्यान तेव्हा पण पयल्या दिसा उठाक नव्हती. ट्रकात घाबरलेली. तो रातभर वाळूत तिच्या पाठीक टेकान निजलो." मला हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी न जेवता आत पडून होतो.

१ मार्च

उठली. सकाळी मिठाची मूठ घेऊन गेलो तर ती उभी. चारी पायांवर. जरा डोलत होती, होडी नांगरावर डोलते तशी. मी जॉयसीला हाक मारायला तोंड उघडलं आणि हाक भलतीच गेली. "मेल्रॉय, बघ रे!" म्हणालो.

जॉयसी दारात आली. तिने चूक काढली नाही. आम्ही दोघं बघत राहिलो.

८ मार्च, रविवार

मिस्सा आटोपून संध्याकाळी तिला खाडीवर नेली. बाईंनी परवानगी दिली आहे. पावसाळ्यापर्यंत अंगावर मांस आलं तर बघू म्हणाल्या. अजून हाडं दिसतातच. हळू चालली, मध्ये दोनदा थांबली. दोरी जॉयसीच्या हातात होती. ओहोटी होती. मोगा चिखलात उतरली आणि तिवराचा पाला ओढून ओढून खायला लागली.

जॉयसी तिथल्या दगडावर बसून सांगत होती. तो इथे बसायचा. ह्याच दगडावर. उंट चरायचा आणि तो गाणी म्हणायचा, अर्धी कोंकणी, अर्धी कसली तरी. पप्पा उंटावर कधी बसतील, यावर दोघांनी पैज लावली होती.

"तू काय म्हणालंस?"

"मी म्हणालंय, कदीच नाय. तो म्हणालो, बसतले. म्हातारो झाल्यार चालूक होवचा नाय, मगे बसतले."

मी खाडीच्या पाण्याकडे बघत राहिलो. पलीकडच्या तीरावर कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. त्याशिवाय काही नव्हतं.

मोगा चिखलातून वर आली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं मान चाटेल. मी ढकललं नाही. पण मान नाही, तिने माझा गाल चाटला. एक, मग दुसरा. कानशीसारखी जीभ, अगदी सावकाश, डोळे मिटून. पुन्हा पुन्हा तिथेच. वारा गार होता, मी काही काम केलं नव्हतं, मला घाम आलेला नव्हता. तिला तिथे काय सापडत होतं कोण जाणे.

जॉयसी माझ्याकडे बघत होती. तिने दोरी माझ्या हातात दिली आणि खांद्यावर हात ठेवला.

आज बीपी मोजायचा राहिला.